हॉर्न डेस्कचे चीफ

चीफना खुर्चीत बसलेलं मी साडेतीन वर्षांत एकदाच पाहिलं. एरवी हार्बरफ्रंटच्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या ऑफिसात त्यांची खुर्ची फायली ठेवायच्या कामी येई. फोन वाजला की ते चालायला लागत. खिडकीपासून झेरॉक्स मशीनपर्यंत, तिथून पॅन्ट्रीपर्यंत, आणि पॅन्ट्रीतून परत खिडकीशी. ईमेलही उभ्यानेच लिहीत. त्यासाठी टेबलावर कागदाच्या रिमचे दोन खोके रचून त्यावर कीबोर्ड ठेवला होता. मीटिंगमध्ये भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि एका पायावरचा भार सारखा दुसऱ्या पायावर घेत. त्यांच्या शेजारी अर्धा तास काम केलं की आपलेही पाय टेबलाखाली हलायला लागत. "बसलं की काम थांबतं," ते म्हणत, "आणि माणसाला उगाच वाटतं, झालं."

त्यांचं आडनाव दिवेकर, गाव श्रीवर्धन. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची काही चीफ ऑफिसर म्हणून. जहाजावर माल नीट चढवणं, सांभाळणं आणि उतरवणं ही चीफ ऑफिसरची जबाबदारी. जहाज सुटलं, सिंगापूरच्या किनाऱ्यावर नोकरी धरली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आमचे मॅनेजर मिस्टर गोह त्यांना चीफ म्हणत, साफसफाईला येणारी आंटी चीफ म्हणे, आणि मीही पहिल्या दिवसापासून चीफच म्हणत आले. ते मला पुणेकर म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला बरेच दिवस शंका होती.

आमचं काम सांगायला जरा अवघड होतं. सिंगापूर, जकार्ता, क्वालालंपूर इथली काही माणसं परवाना काढून आफ्रिकेत नाहीतर न्यूझीलंडमध्ये शिकारीला जातात. माणूस आठ-दहा दिवसांत परत येतो, पण त्यानं मारलेलं जनावर वर्षभर तिकडेच राहतं. कातडं मीठ लावून वाळवायचं, कवटी उकळून साफ करायची, मग ते सगळं कारागिराकडे जातं. तो साच्यावर कातडं चढवतो, काचेचे डोळे बसवतो. मग लाकडी पेटी, रोगराई नसल्याचा दाखला, तिकडचा निर्यात परवाना, इकडचा आयात परवाना. जनावर दुर्मिळ जातीचं असेल तर आणखी एक वेगळा परवाना. हे सगळं जुळवून डोकं किंवा शिंगं मालकाच्या भिंतीपर्यंत आणायची, हे आमच्या टेबलाचं काम. बाकीचं ऑफिस सुटे भाग आणि औषधं पाठवी. आम्हाला ते 'हॉर्न डेस्क' म्हणत, आणि आमच्याजवळून जाताना कुणीतरी हमखास डोक्यावर दोन बोटं उभी करी.

मी आले होते कागदपत्रांच्या नोकरीला. मुलाखतीत 'स्पेशल कार्गो' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी फाइल उघडली तर आत चादरीसारखी घडी घातलेल्या झेब्र्याच्या कातड्याचा फोटो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आईला मी फोनवर सांगितलं, हस्तकलेच्या वस्तूंची निर्यात-आयात. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं नोकरी करायचा परवाना, मिळाला होता, आयटीतला नवरा पुंगोलच्या फ्लॅटचं भाडं भरून दमला होता, आणि दुसरं काही मिळेपर्यंत हे, असं मी स्वतःला दर सोमवारी सांगत असे.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "चीफ, पेंढा भरायला वर्ष कशाला लागतं?"

ते खिडकीकडून तरातरा माझ्यापाशी आले. "पेंढा? अगं, पेंढा आता कुणी भरत नाही. तो संस्थानिकांच्या वाघात भरायचे. सहा महिन्यांत उंदीर व्हायचे त्यात." मग त्यांनी मला उभ्याउभ्या सगळं समजावलं. फोमचा साचा, कातडं कमावणं, कानांच्या आत बसवायचे पातळ पत्रे. स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून म्हणाले, "पापणीला सर्वांत जास्त वेळ लागतो. ती बिघडली की जनावर मूर्ख दिसतं. मेलेलं असलं म्हणून काय झालं, मूर्ख दिसता कामा नये."

"तुम्ही केलीय कधी शिकार?"

"मी मासे खातो. तेवढं पुरे."

"मग तुम्हाला काही वाटत नाही? या सगळ्याचं?"

ते थांबले. थांबले म्हणजे जागच्या जागी पाय बदलत राहिले. "वाटतं. मला कुणी विचारलं असतं तर नको मारू म्हणालो असतो. पण मला कुणी विचारत नाही. माझ्याकडे येतं तेव्हा ते मेलेलंच असतं. आता ते कुठल्या तरी गोदामात सडू द्यायचं की नीट पोचवायचं, एवढंच माझ्या हातात आहे." ते उत्तर मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही.

त्यांची एक सवय मिस्टर गोहना वेळेचा अपव्यय वाटे. पेटी निघण्याच्या पुष्कळ आधी चीफ गिऱ्हाइकाच्या घरी मोजमाप घ्यायला जात. एकदा एका कॉन्डोमधल्या गृहस्थाचा रानरेडा लिफ्टमध्ये मावला नव्हता, जिन्याच्या वळणावर अडकला होता, आणि शेवटी चार दिवस खालच्या लॉबीत रखवालदाराच्या टेबलाशेजारी बसून होता. तेव्हापासून ते टेप घेऊन दार, लिफ्ट, भिंत, सगळं मोजत. भिंतीवर बोटानं टकटक करून आत विटा आहेत की पोकळ आहे ते बघत. "ईमेलवर भिंत कळत नाही," म्हणायचे.

ही घाई, ही तगमग फक्त कामापुरती नव्हती. ऑफिसची सहल पुलाउ उबीन बेटावर गेली तेव्हाची गोष्ट. चांगीच्या धक्क्यावर बोट बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही, आणि आम्ही होतो सात. बाकीचे बाकावर बसून मोबाइल बघत होते. चीफ दोन मिनिटं थांबले आणि गायब झाले. परत आले ते पाच माणसं घेऊन. सायकलवाले तीन विद्यार्थी, आणि एक म्हातारं जोडपं, जे खरं तर शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, नाश्ता करायला आलं होतं. त्यांना यांनी काय सांगून उठवलं देव जाणे. बेटावर पोचल्यावर त्या आजोबांना सायकल भाड्यानं काढून देऊन, पंपानं हवा भरून दिली, आणि आम्ही जेवायला बसलो तेव्हा चीफ परतीच्या बोटीची माणसं गोळा करत होते.

अशा माणसाकडे मिस्टर लिम यांचं काम आलं.

मिस्टर लिम श्रीमंत नव्हते. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले मेकॅनिक, आंग मो किओच्या तीन खोल्यांच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहणारे. जुन्या तीन सहकाऱ्यांबरोबर आयुष्यात एकदाच दक्षिण आफ्रिकेला गेले आणि एक कुडू मारून आले. कुडू म्हणजे मोठं हरीण, शिंगं मळसूत्रासारखी पिळदार आणि माणसाच्या छातीएवढी उंच. आम्ही मोजमापाला गेलो तेव्हा मिसेस लिमनी आम्हाला शेवंतीच्या चहाची गार पाकिटं दिली आणि म्हणाल्या, "कपाट जास्त खोल करू नका हं. इथून पंख्याच्या बटणाला हात पोचायला हवा."

चीफनी टेप धरलेला हात खाली घेतला आणि मिस्टर लिमकडे पाहिलं. मिस्टर लिम छताकडे पाहत होते. मला कळेना काय चाललंय. मग लक्षात आलं. त्यांनी बायकोला सांगितलं होतं की आम्ही कपाटवाले आहोत. आफ्रिकेची सहलही तिच्या लेखी जनावरांचे फोटो काढायची सहल होती.

चीफनी टेप पुन्हा उचलला. भिंत मोजली, लिफ्ट मोजली, पंख्याच्या बटणापासूनचं अंतरही मोजलं. खाली आल्यावर मात्र इतके भरभर चालू लागले की मला धावावं लागलं. "हे मला आवडलं नाही," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माल त्याचा, घर त्याचं, बायको त्याची. वर्ष आहे त्याच्याकडे. सांगेल."

वर्ष झालं. कारागिराचा निरोप आला की कुडू तयार आहे, पेटी बनवतोय. आयात परवान्याचा अर्ज मी भरला. मालक म्हणून मिस्टर लिम, आणि माहिती खरी असल्याची सही माझी. चीफनी बातमी द्यायला मिस्टर लिमच्या नंबरवर फोन लावला आणि नेहमीसारखे चालायला लागले. झेरॉक्स मशीनपाशी थांबले. "आय अ‍ॅम सॉरी, मॅडम," एवढंच मला ऐकू आलं.

मिस्टर लिम जाऊन दोन महिने झाले होते. झोपेतच गेले. फोन त्यांची बायको वापरत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. धोबी घाट स्टेशनवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलून आंग मो किओला पोचेपर्यंत चीफ दाराला धरून उभे होते, डबा अर्धा रिकामा असून. "तू बरोबर असलेली बरी," एवढंच म्हणाले. फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याशेजारी मिस्टर लिमचा फोटो, पुढे संत्री, उदबत्त्यांची राख. चीफनी मग सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. कपाट नव्हतं. शिकार होती. डोकं तयार आहे. आता ते तुमचं.

मिसेस लिमनी फोटोकडे वळून विचारलं, "त्याच्या मित्रांना माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"अंत्यविधीला तिघंही आले होते. माझ्याकडे बघून रडले." त्यांचा आवाज चढला नाही. "हरीण मारलं ते मारलं. चाळीस वर्षं मी त्याचे ग्रीसचे कपडे धुतले, आणि मला सांगतो, कपाट. टाकून द्या लाह. मला नको." रागातही सिंगापुरी बोलण्यातला तो शेवटचा 'लाह' सुटला नाही.

असं होऊ शकतं म्हणून मी हक्क सोडल्याचं पत्र टाइप करून नेलं होतं. त्यांनी वाचून सही केली, आणि आम्ही बाहेर पडताच लोखंडी जाळीचं दार लावून घेतलं. नियमानं ते पत्र त्याच दिवशी आफ्रिकेला जायला हवं होतं, म्हणजे तिकडे डोकं नष्ट करून इकडचा परवाना रद्द करता आला असता. चीफनी ते माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. कारागिराला लिहिलं, कागदपत्रांना उशीर आहे, पेटी थांबवा.

"चीफ, त्यांनी सही केलीय."

"रागात केलीय. थांबू दोन आठवडे."

दोनाचे पाच झाले. ते दोनदा एकटेच आंग मो किओला जाऊन आले. पहिल्यांदा जाळी उघडली नाही. दुसऱ्यांदा शेजारणीनं सांगितलं, पुन्हा आलात तर तक्रार करणार आहेत. चीफचं चालणं आता बघवत नव्हतं. बोलता बोलता वाक्य सोडून देत, पेन घेऊन निघत आणि कशाला निघालो ते विसरत. मिस्टर गोहनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, मृत माणसाच्या नावाचा परवाना अजून उघडा कसा, आणि खाली सही कुणाची? माझा पास वाढवून मिळायचा अर्ज तेव्हाच गेलेला होता. खरं सांगायचं तर मला मिसेस लिमची काळजी कमी आणि माझ्या पासची जास्त होती.

मी बाहेर येऊन चीफना म्हटलं, "पत्र पाठवा. आज."

ते खिडकीशी उभे होते. खाली इंडोनेशियातल्या बाटमहून आलेली फेरीबोट धक्क्याला लागत होती. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली. जहाजावर असताना दाभोळचा एक खलाशी होता, इस्माईल. भर समुद्रात छातीत कळ येऊन गेला. त्याचं सामान याद्या करून, सील लावून एका पेटीत भरायचं काम चीफ ऑफिसर म्हणून यांचं. शर्ट, घड्याळ, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या. पेटी एका बंदरात एजंटाच्या ताब्यात दिली, सही घेतली, जहाज निघालं. तीन महिन्यांनी रजेवर आल्यावर ते मुद्दाम दाभोळला गेले. त्याची म्हातारी आई ओट्यावर आली, यांच्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "बाबा, पेटी?" ती कधीच पोचली नव्हती. कुठल्या गोदामात राहिली, कुणी नेली, शेवटपर्यंत कळलं नाही. "एजंटाला मी एक फोन केला असता," चीफ म्हणाले. "एक फोन. पण सही होती ना माझ्याकडे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पाच आठवड्यांचा ताण तोंडातून बाहेर पडला.

"त्या म्हातारीला पेटी हवी होती, चीफ. या बाईंना नकोय. त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलंय, लिहून दिलंय, दार लावलंय. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना न विचारता सगळं केलं. आता तुम्ही तेच करताय."

चीफनी खुर्चीवरच्या फायली उचलल्या, खाली जमिनीवर ठेवल्या आणि खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मीच टेबलाच्या कडेला धरून उभी होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, पत्र काढलं आणि मला दिलं.

"स्कॅन कर. आणि परवाना रद्द करायचा अर्ज माझ्या नावानं कर. उशीर माझ्यामुळे झाला असं लिही. तुझ्या नावावर डाग नको."

मी तसं लिहिलं. मिस्टर गोहनी त्यांना लेखी ताकीद दिली. माझा पास वाढला. आम्ही दोघं पुढे महिनाभर कामापुरतंच बोलत होतो, आणि पुणेकर सोडून ते मला माझ्या नावानं हाक मारत होते. तेव्हा कळलं की माझं नाव त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

एका दुपारी तीनच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला, कोणी मिसेस लिम आल्या आहेत. मी घाबरले. वाटलं, तक्रार घेऊन आल्या. त्या आत आल्या, हातात कापडी पिशवी, चीफना म्हणाल्या, "तुम्ही परत आला नाहीत."

"तुम्ही नको म्हणाला होतात, मॅडम. ते डोकंही..."

"डोकं नको. मला काहीतरी विचारायचंय." त्यांनी मोबाइल काढला. मिस्टर लिमनी तिथून पाठवलेले फोटो होते. गवत, झाडं, लांबवर गेलेली वाट, पुन्हा गवत. "एकातही तो नाही. मित्रांना विचारलं तर ते आता फोन उचलत नाहीत. तो तिथं दहा दिवस काय करत होता? एवढंच मला हवंय."

चीफनी घड्याळ पाहिलं. "तिथं आत्ता सकाळचे नऊ वाजलेत." आणि ते चालायला लागले. कारागिराला फोन, कारागिराकडून मिस्टर लिम उतरले होते त्या छावणीचा नंबर, छावणीवरचा शिकारी मार्गदर्शक पीटर रानात गेलेला, त्याला निरोप, वीस मिनिटांनी उलटा फोन येईल. ती वीस मिनिटं चीफ खिडकी ते पॅन्ट्री फेऱ्या घालत राहिले. शेवटी मिसेस लिम म्हणाल्या, "तुम्ही बसा लाह, अंकल. मला चक्कर येतेय." पहिल्यांदाच त्या हसल्या. चीफ काही बसले नाहीत.

फोन आला. मीटिंग रूममध्ये स्पीकर लावला. पीटरला मिस्टर लिम चांगले आठवत होते. म्हणाला, पहिले तीन दिवस त्यांनी बंदूक उचललीच नाही. उंच जागी बसून लांबवर बघत राहायचे. म्हणायचे, चाळीस वर्षं लिफ्टच्या बोळात काढली, समोर कायम भिंत. एवढं लांबचं बघायची सवय नाही. चौथ्या दिवशी एक गोळी झाडली. जनावर पडलं, पण त्यांना फोटो नको होता. मित्रांनी आग्रह केला तरी नको म्हणाले. त्यानंतर पुन्हा बंदुकीला हात लावला नाही.

"मग बाकीचे दिवस?" मिसेस लिमनी विचारलं.

तिकडून पीटर हसला. "मॅडम, आमचा पाण्याचा पंप दोन वर्षं बंद होता. टँकर मागवायचो. तुमच्या मिस्टरांनी तो उघडला. सहा दिवस पंपाच्या खोलीत. रोज काळेकुट्ट होऊन जेवायला यायचे. पंप अजून चालू आहे. सकाळी मी त्याच पाण्यानं दाढी केली."

मिसेस लिमनी टेबलावर तळहात मारला. "आफ्रिकेला जाऊनसुद्धा ग्रीस!" त्या म्हणाल्या, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. चीफ दाराकडे तोंड करून उभे होते.

थोड्या वेळानं पीटर चाचरत म्हणाला, त्याला एक कबुली द्यायची आहे. नष्ट करा असं पत्र आलं होतं, पण कारागिरानं ते डोकं त्याला दाखवलं आणि दोघांच्यानं ते काम झालं नाही. त्याच्या कोठीत आहे. चीफनी लगेच त्याला झापलं. "तुमच्याकडे लेखी सूचना होती! मालकाची सही होती!" हे म्हणणारे चीफच आहेत यावर माझा विश्वास बसेना.

मिसेस लिमनी डोळे पुसले. "राहू द्या तिथंच. माझ्याकडे खरंच जागा नाही. पण जेवणाच्या खोलीत नको. पंपाच्या खोलीत लावा."

त्या गेल्यावर चीफ माझ्या टेबलाशी आले. "पुणेकर, नवं पत्र लागेल. मालकीण स्वखुशीनं देतेय, असं. आणि जागा स्पष्ट घाल. पंपाची खोली." पत्राची पोच आल्यावर त्यांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर जाड पेननं मराठीत लिहिलं, 'पोचलं'. इंग्रजी ऑफिसातल्या त्या कपाटात तेवढी एक मराठी फाइल होती.

त्याच रविवारी मी आईला फोनवर माझं काम काय आहे ते खरं सांगितलं. ती दोन आठवडे बोलली नाही. मग बोलली.

पुढच्या वर्षी एकेक विमान कंपनी, एकेक जहाज कंपनी शिकारीचा माल नाकारायला लागली. मिस्टर गोहनी हॉर्न डेस्क बंद केला. मला औषधांच्या विभागात घेतलं. चीफना दुसरं टेबल देऊ केलं होतं, पण ते श्रीवर्धनला जातो म्हणाले. निरोपाचा केक चार वाजता कापायचा होता. साडेतीनला ते लिफ्टपाशी गेले, म्हणून मी मागे धावले. "ईमेल चांगल्या लिहितेस," ते म्हणाले. "पण फोन करत जा. आणि त्या दिवशी बोललीस ते बरं केलंस. मला घरचं कुणी तसं बोलत नाही. घरी असतोच कुठं मी?" दार बंद झालं. केक आम्ही त्यांच्याशिवाय कापला.

आठ महिन्यांनी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. गावातल्या कुणा विधवेच्या पेन्शनचे कागद घेऊन बाबा तहसील कचेरीत गेले होते, रांगेतच कोसळले आणि गेले. मी तो मेसेज एमआरटीत वाचला आणि माझं स्टेशन कधी गेलं ते मला कळलं नाही.

पुण्याला गेले तेव्हा मी श्रीवर्धनला जाऊन आले. फोन करून गेले. दार चीफच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. बारीक बाई, केस पूर्ण पांढरे. त्यांचं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली चीफबरोबरची सलग वर्षं त्यांनीच मोजून सांगितली, तीन. त्यांनी माझ्यासमोर ताट वाढलं. सोलकढी, भात, माझ्यासाठी मुद्दाम केलेली वालाची उसळ. ऑफिसातल्या गोष्टी सांगायची मी तयारी करून गेले होते. पण त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तिकडं वेळेवर जेवायचे का हो ते?"

"हो," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की त्यातलं खोटं माझं मलाच ऐकू आलं. मग मिसेस लिमचा तो आवाज आठवला, 'मला सांगतो, कपाट.' मी घास खाली ठेवला. "नाही, वहिनी. नाही जेवायचे. दुपारी कॉफी आणि क्रीमची बिस्किटं. मी डबा पुढे करायचे तर एक घास घेऊन निघायचे. साडेतीन वर्षांत मी त्यांना पूर्ण जेवताना पाहिलं नाही."

वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "मला वाटलंच. रोज फोनवर सांगायचे, पोटभर जेवलो."

त्यांनी उठून माझ्या पानात आणखी भात वाढला, वर तूप घातलं, आणि समोर बसून राहिल्या. माझं ताट पूर्ण संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं नाही.